रंग धाकट्याने निवडायचा

भैरोबावाडी, बेल्ह्याजवळ
१२ जानेवारी २०२५

प्रिय सरू,

अनेक आशीर्वाद. हातात मोबाइल असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. मी फोनवर बोलायला लागले की चौथ्या वाक्याला त्याचं भाषण होतं आणि तू मोबाइल भाजीच्या टोपलीत ठेवून भाकरी थापायला लागतेस, हे मला तुझ्या सार्थकनेच सांगितलंय. शिवाय आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर. आत्याबाई सासूच्या हक्काने मध्ये बोलतात, माझा भैरव मध्ये बोलतो, दूध घालायला आलेला माणूसही मध्ये बोलतो. कागद कुणाला मध्ये बोलू देत नाही. रखमाजीचा टेम्पो चारा घेऊन दर आठवड्याला पारगावला येतोच, त्याच्याबरोबर हे पाठवते.

विषय भिंतीचा आहे. आपल्या जेवणाच्या खोलीची मागची भिंत ओल धरून पोपडे सोडायला लागली आहे. ताटात आमटी वाढली की वरून चुन्याची भुकटी पडते. चैत्रात यात्रा आहे, पाहुणे येतील, तेव्हा भिंत खरवडून नवा रंग काढायचा ठरवलाय.

ती खोली मला काय आहे ते तुला माहीत आहे. घराच्या नकाशात तिथं धान्याची कोठी होती. मी भांडून ती खोली जेवणासाठी घेतली. पुरुषांनी आधी जेवायचं, बायकांनी मागून, चुलीपुढे, भांड्याच्या तळाशी राहिलं असेल ते, ही रीत मला माझ्या घरात ठेवायची नव्हती. माणसांना एका पंगतीला बसवण्यासाठी आपल्या मुलखात लोकांनी अंगावर दगड-शेण झेललं, वाळीत पडले. आणि आपण त्यांच्या जयंत्या करायच्या अन् घरात दोन पंगती मांडायच्या? म्हणून आठ खुर्च्यांचं टेबल आणलं. आम्ही इथले चौघे, तुम्ही पारगावचे चौघे. एक खुर्ची कमी नाही, एक जास्त नाही.

आता रंगाचं ऐक. भैरवला करडा हवा. मोबाइलमध्ये कुठल्या तरी हॉटेलची भिंत बघितलीय त्याने. आत्याबाई म्हणतात, चुना मारा, चुन्याला मुंगी लागत नाही. मला मोरपंखी हवा. काल रात्री जेवताना यावरून चांगली जुंपली. आमचे हे, तुझे मोठे भाऊजी, ताटातून मान वर न करता ऐकत होते. मग म्हणाले, "जानकूला इचार. रंग त्यानं निवडायचा. दादानं इचारलंय म्हणून लिही."

मी बघतच राहिले. या माणसाने आजवर बैल घेतला, बोअर घेतली, मोटार बसवली, कुणाला विचारलं नाही. आणि आता भिंतीसाठी धाकट्या भावाला विचारतोय! माझी इतक्या वर्षांची बडबड कुठेतरी मुरली म्हणायची. बचत गटात मी हे कौतुकाने सांगूनही टाकलं.

तेव्हा सोबत शेडकार्ड पाठवते. जानकू भावजींना दाखव आणि त्यांच्या भावाचं म्हणणं जसंच्या तसं सांग: रंग धाकट्याने निवडायचा.

बाजरीचं पोतं आणि शेंगदाणे रखमाजीकडे दिलेत. तुमच्या खोलीतलं कपाट पुसून डांबराच्या गोळ्या टाकल्यात. माघी चतुर्थीला ओझरला भेटूच.

तुझी,
रत्ना

*

पारगाव
१८ जानेवारी

आक्का,

साष्टांग नमस्कार. बाजरी पोचली. पत्रही पोचलं. रखमाजी म्हणाला, "वहिनीबाईंनी पाकीट दिलंय, लई जड हाय, भाषण असंल." मी चहा दिला त्याला.

खरं सांगू, शेडकार्ड बघून मला मजा वाटली. मी आणि श्रेया रात्री ते पसरून बसलो. श्रेया म्हणते, मोठ्या आईच्या डायनिंगला अबोली द्या, फोटो छान येतात. सार्थक म्हणतो, करडाच भारी. मला विचाराल तर मोरपंखी नको. मोरपंखी भिंतीपुढे पिठलं निळं दिसेल. हे कारखान्यातून यायचे होते, म्हणून पत्र इथंच ठेवून उठले.

आज सकाळी पुढचं लिहिते. काल हे आल्यावर जेवायला वाढलं आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. भांडणाचा भाग ऐकून हसले. मग मोठ्या भाऊजींचा निरोप वाचला. म्हणाले, "परत वाच." परत वाचला. ताटात अर्धी भाकरी होती. तशीच ठेवून हात धुतला. बाहेर जाऊन उसाच्या गाड्यांकडे बघत उभे राहिले. मी मागं गेले, म्हटलं, काय झालं? म्हणाले, "पिवळा लिही."

मी म्हटलं, पिवळे यात पाच-सहा आहेत, कोणता? तर म्हणाले, "कंचा बी. पिवळा. एवढं पुरं हाय त्याला."

तेव्हा पिवळा. मला यातलं काही कळलं नाही. तुमचं नि यांचं काही बोलणं झालं होतं का? झालं असेल तर मला कळवा.

सरू

*

भैरोबावाडी
३ फेब्रुवारी

प्रिय सरू,

ओझरला मी देवळाच्या दारात सकाळपासून उभी होते. गर्दी सरली, आरती झाली, नदीकडचे दुकानदार ताडपत्र्या गुंडाळायला लागले. तुम्ही आला नाहीत. फोन केला तर बंद. तुझे मोठे भाऊजीही आले नव्हते. एक मेंढी आजारी आहे म्हणाले. मी एकटीने दर्शन घेतलं आणि तुमच्या वाटणीचे मोदक एसटीत शेजारच्या बाईच्या नातवंडांना दिले.

मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. हंगाम आहे, कारखान्यात पाळी असते, हे मला कळतं. पण दोन ओळींचा निरोप द्यायला कुठला हंगाम आडवा येतो? भावजींना भिंतीवरचा खर्च पटत नसेल तर तसं स्पष्ट म्हणावं. आपण माणसं बैलाच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो, तशी घरातही बोटं धरायला लागलोय. मनात एक आणि रुमालाखाली दुसरं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी यांना सांगितलं, भावजी म्हणतात पिवळा. मला वाटलं, नाक मुरडतील. नुसते "बरं" म्हणाले. थोडा वेळ चौकटीला हात लावून उभे होते. दुसऱ्या दिवशी राघूला बोलावून मेंढरांच्या वाड्याकडे गेले. राघू आपली मेंढरं सांभाळतो, त्याला कधी एवढं गप्प बघितलं नव्हतं. संध्याकाळी बघते तर मेंढरांच्या पाठीवर पिवळे पट्टे, तेही अर्ध्याच मेंढरांच्या. मी विचारलं, बाकीच्यांनी काय पाप केलं? राघू म्हणाला, "वयनी, सांगितलं तेवढं केलं," आणि काठी उचलून चालता झाला. रंग संपला असेल.

पेंटर सोमवारी भिंत खरवडणार आहे. हळदीसारखा पिवळा निवडलाय. मला आवडत नाही, पण शब्द दिला तो दिला. आता तुम्ही का आला नाहीत, ते कळव.

रत्ना

*

पारगाव
८ फेब्रुवारी

आक्का,

आता पुरे करा. भिंत, पोपडे, शेडकार्ड, मोरपंखी! एका वाक्यावर किती पांघरुणं घातलीत!

मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी वेड्यासारखी पोरांना घेऊन रंग बघत बसले. हे वीसेक दिवस काही बोलत नव्हते. परवा तुमचं पत्र वाचून दाखवलं, मेंढरांच्या पाठीवर पट्टे पडले तिथवर आले, तेव्हा बोलले.

यांच्या घराण्यात भाऊ वेगळे होताना "वेगळं" हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. काढला तर कळपाला रोग येतो म्हणे. थोरला धाकट्याला एवढाच निरोप धाडतो, की रंग तू निवड. धाकटा रंग सांगतो. अर्ध्या मेंढरांच्या पाठीवर तो रंग पडतो आणि ती त्याची. त्या दिवसापासून चूल वेगळी, रान वेगळं. कुणी कारण विचारत नाही, कुणी सांगत नाही. यांच्या आजोबांचं आणि चुलत आजोबांचं असंच झालं होतं. राघू त्या चुलत आजोबांचाच नातू ना. म्हणून तो तुमच्याशी बोलला नाही.

तर झालं तुमच्या मनासारखं. अर्धी मेंढरं पिवळी आहेत. कपाट पुसून ठेवलंत, ते आता कळलं कशासाठी. त्यातले पोरांचे कपडे आणि माझ्या दोन पैठण्या रखमाजीबरोबर धाडून द्या.

माझ्या मनाला काय लागलं ते ऐका. तुम्ही वेगळं काढलंत याचं नाही एवढं. गावोगाव माईकवर सांगता, बाईनं बोलावं, बाईनं दबून राहू नये. आणि मला बाहेर काढायचं होतं तर ते नवऱ्याच्या आडून, कोड्यात लिहिलंत. श्रेया विचारते, यात्रेला जायचं ना? तिला काय सांगू ते तुम्हीच लिहा. लिहिता येतं ना तुम्हाला.

सरूबाई

*

भैरोबावाडी
१० फेब्रुवारी

सरू,

तुझं पत्र अंगणात उभ्यानेच वाचलं. तुझी शपथ घेणार नाही, देवाचीही घेणार नाही. मी खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. माझ्या माहेरी आजोबांच्या आधीपासून मेंढरं नाहीत. मी या घरात आल्यावर इथं कुणी वेगळं झालं नाही. ज्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, ती सुनेला सांगणार कोण?

पत्र घेऊन आधी आत्याबाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "आत्याबाई, धाकट्यानं रंग निवडायचा म्हणजे काय?"

त्यांचा हात थांबला. "कुणी इचारलं? कुणाला?"

"तुमच्या थोरल्यानं, धाकट्याला. माझ्या हातानं."

"मंग झालं तर."

"काय झालं?"

"वाटणी झाली. तुला ठावं न्हवतं? एवढी पुस्तकं वाचती."

बरोबर बोलल्या. जगातल्या क्रांत्या वाचल्या आणि माझ्याच स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला वाचता आलं नाही. त्या सूप बाजूला ठेवून रडायला लागल्या. म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं, मी मेल्यावर करत्याल."

मग मी यांच्याकडे गेले. मोटार सुरू करत होते. मी स्टार्टर बंद केला.

म्हटलं, "मला सांगायचं होतंत."

म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू ग्रामसभा भरवली असती."

"भरवलीच असती. कशासाठी केलंत?"

बराच वेळ पायाने माती उकरत होते. मग म्हणाले, "भैरवला खालच्या रानात पॉलिहाऊस टाकायचंय. बँक म्हणती, सातबारा वेगळा करून आणा. दोन वर्सं मागं लागलाय. आता म्हणतो, न्हाई तर पुण्याला जातो नोकरीला."

"मग हे भावजींना सांगायचं."

"कोन्त्या तोंडानं? मेंढरामागं हिंडताना त्याला खांद्यावर घेऊन गेलोय मी. घाटात पाय सोलले व्हते त्याचे. त्याला म्हनू, आता तुझं तू बघ?"

"हो. अगदी हेच म्हणायचं."

"आमच्यात म्हनत न्हाईत."

सरू, या वाक्याने माझं डोकं फिरलं. आमच्यात म्हणत नाहीत! मनातलं म्हणायचं नाही, पण करायचं मात्र सगळं. आणि जे म्हणायची आपली छाती नाही, ते बायकोच्या हातून लिहून घ्यायचं, तेही तिला न कळता. हुंडा मागणाऱ्याला निदान तोंड असतं. मी त्यांना म्हटलं, "वेगळं होणं हा गुन्हा नाही. माणसं वाढतात, घरं वाढतात, बिऱ्हाडं दोन होतात. गुन्हा आहे तो चोरून वेगळं होण्याचा. तुमच्या रितीनं तुम्हाला एका भावाचा चेहरा बघण्यापासून वाचवलं. त्याला कुणी वाचवलं?"

तेव्हा मी ठरवलंय ते ऐक. पेंटरला परत पाठवलं. अर्धी भिंत खरवडून झाली होती, तशीच राहू दे. जेवणाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. आम्ही सगळे स्वयंपाकघरात फरशीवर बसून जेवतोय, एकाच पंगतीत. भैरव कुरकुरतो. दोघं भाऊ समोरासमोर बसून जे करायचं आहे ते मराठीत बोलत नाहीत, तोवर त्या भिंतीला रंग लागणार नाही.

कपाटातलं काही पाठवणार नाही. श्रेयाला सांग, मोठी आई म्हणते, यात्रेला यायचंच. तू भावजींना घेऊन ये.

रत्ना

*

पारगाव
१७ फेब्रुवारी

आक्का,

तुमचं पत्र वाचल्यावर मला माझ्या मागच्या पत्राची लाज वाटली. पण ते परत मागत नाही. राग खरा होता.

हे यायला तयार नाहीत. मी दोनदा विषय काढला. म्हणतात, "रंग सांगून झालाय. आता जाऊन काय, मला वेगळं काढू नका म्हनून पाया पडू?" मी म्हटलं, पाया पडायला कोण सांगतंय, विचारा तरी. तर म्हणतात, "इचारायचं नसतंय." तिथं आमच्यात म्हणत नाहीत, इथं विचारायचं नसतं. एकाच आईची लेकरं.

आता एक गोष्ट तुम्हाला लिहिते. यांना वाटलं होतं, हे सगळं मी घडवलं. गेल्या दिवाळीत मी यांना म्हटलं होतं, आक्का, की आपण पारगावात दोन खोल्या बांधू, मला माझं स्वयंपाकघर हवंय. मी तुमच्याकडे येते, टेबलावर बसते, तुम्ही प्रेमाने वाढता. पण मीठ कुठल्या बरणीत आहे ते मला विचारून घ्यावं लागतं. इतकी वर्षं विचारतेय. इथं क्वार्टरमध्ये राहतो, तीही आपली नाही. मला माझी चूल हवी, यात मला काही वावगं वाटत नाही. यांना वाटलं, मी तुमच्या कानावर घातलं आणि म्हणून तिकडून रंग आला. त्या रात्री मला काही न विचारता पिवळा म्हणाले, ते त्यामुळे. इतके दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, तेही त्यामुळे.

म्हणजे मला जे हवं होतं तेच झालं. तरी मी तुमच्यावर तशी का तुटून पडले, याचा मी विचार केला. मला माझी चूल मागून घ्यायची होती. दाराबाहेर ठेवलेली नको होती.

मी यांना घेऊन येऊ शकत नाही. ते उठणार नाहीत. ज्यानं निरोप धाडला त्यालाच यावं लागेल.

सरू

*

भैरोबावाडी
२२ फेब्रुवारी, सकाळ

सरू,

हे पत्र रखमाजी आणणार नाही. तुझे मोठे भाऊजीच आणताहेत. आत काय लिहिलंय ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, मिठाच्या बरणीसकट. मिठाच्या बरणीचं मला कधी सुचलं नव्हतं. मी खुर्च्या मोजत बसले आणि बरणी माझ्या हाताशी ठेवली. त्यावर आपण दोघी समोरासमोर बोलू. इथं वाढवत नाही.

वाचून झाल्यावर मी म्हटलं, "तुमच्यासाठी आता मी एक ओळही लिहिणार नाही. फोन लावून देणार नाही. निरोप सांगणार नाही. भैरवलाही पाठवायचं नाही. काय करायचं ते करा." दोन दिवस घरात फिरत होते. काल बेल्ह्याच्या बाजारात उगाच जाऊन आले. आज पहाटे अंघोळ करून धुतलेला सदरा घातला आणि राघूची मोटारसायकल मागून आणली.

आता तू एक कर. पाणी दे. चहा दे. पण ते बोलेपर्यंत ताट वाढू नकोस. मी ओळखते त्यांना. पोटात भाकरी गेली की उसातून साखर किती उतरते यावर बोलतील, हात धुतील आणि परत येतील. मग ही गोष्ट पुन्हा कधी निघणार नाही. पुढच्या पिढीत कुणीतरी सांगेल, की आमचे आजोबा आणि त्यांचे भाऊ एका रंगावरून तुटले, आणि कारण कुणालाच माहीत नसेल. दोघांना उपाशी ठेव. पाप लागलं तर माझ्या माथी.

रत्ना

*

पारगाव
२४ फेब्रुवारी

आक्का,

मोठे भाऊजी घरी पोचले असतीलच. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे: "झालं." म्हणून मी लिहिते.

दुपारी आले. हे रात्रपाळी करून झोपले होते. उठवलं. हे बाहेर आले, "ये" म्हणाले, बसले. मी चहा दिला आणि आत जाऊन तुमचं पत्र वाचलं. वाचून गॅस बंद केला.

मग सुरू झालं. आईचे गुडघे कसे आहेत. बरे आहेत. बिबट्या दिसला का परत. दिसला, ओढ्याला. यंदा ऊस कमी आहे का. कमी आहे. हे म्हणाले, "जेवायला वाढ गं." मी म्हटलं, "व्हायचंय अजून." वांग्याच्या भाजीचा वास घरभर सुटला होता. सार्थक शाळेतून आला, म्हणाला, आई, भूक. त्याला शेजारी पाठवला.

परत बिबट्या. परत ऊस. यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, "भाकरीला पीठ नाही." पिठाचा डबा मोठ्या भाऊजींच्या पाठीशीच होता, उघडा. त्यांनी मागं वळून डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. म्हणाले, "रत्नानं लिहिलंय व्हय हे?"

मी कागदाची घडी घातली.

"उपाशी ठिवणार म्हनती?"

मी मान हलवली. हे गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. मोठ्या भाऊजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. घाम आला होता त्यांना.

"जानकू."

"काय."

"म्या रंग इचारला व्हता."

"म्या सांगितला."

"तसं न्हाई. म्हंजे... भैरवला खालचं रान लागतंय. पोरगं पुण्याला जाईल म्हनतंय. मला..." आणि थांबले. यांनी मदत केली नाही. मला वाटलं, आता उठतात आणि जातात. पण बोलले. "मला वेगळं व्हायचंय, जानकू."

आक्का, छत पडलं नाही. यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मला वाटलं, माझं काय चुकलं."

"तुझं काय चुकायचंय?"

"मंग तसं लिहायचं व्हतं. म्या महिनाभर मोजतोय, काय चुकलं. गेल्या पेरणीला आलो न्हाई ते? का आईच्या दवाखान्याला उशिरा आलो ते?"

मोठे भाऊजी रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. हे रडले नाहीत. हे भांडले. आक्का, एवढे भांडले की शेजारचे लोक दारात आले. "खालचंच रान का? पाणी हाय म्हनून?" "मंग ते तुला दिऊन काय करू, तू हितं, कसणार कोन?" "कसंन न्हाई तर पडीक ठिवीन, माझं मी बघीन!" निम्मं खालचं रान यांना हवं आहे. विहीर सामाईक. आई जिथं तिला वाटेल तिथं. घरातली आमची खोली यांनी सोडली. मी मध्ये काही बोलले नाही, पण खोली सोडली तेव्हा मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. मेंढरं वाटायची नाहीत. राघूकडे आहेत तशी एकत्र राहतील, कातरणीला लोकर निघेल तेव्हा पट्टेही निघून जातील.

मग मी ताटं केली. दोघंही लई जेवले.

मोठे भाऊजी निघताना यांनी तुमच्यासाठी निरोप दिला. म्हणाले, "वयनीला सांग, भिंतीला पायजे तो रंग द्या. भिंत आता तुमची हाय."

पारगावात आम्ही जागा बघतोय.

सरू

*

भैरोबावाडी
१२ मार्च

प्रिय सरू,

तुझा अंदाज बरोबर होता. घरी आल्यावर "झालं" एवढंच म्हणाले. तुझं पत्र आलं नसतं तर मला जन्मभर तेवढ्यावरच भागवावं लागलं असतं.

भावजींचा निरोप मी दोन-तीनदा वाचला. भिंत आता तुमची हाय. बरोबर आहे ते. मी ज्यासाठी भांडले तेच झालं. जे होतं ते उघड बोललं गेलं आणि त्याला तोंड द्यावं लागलं. तरी त्या दिवशी कुलूप काढून आत गेले, तेव्हा तुमच्या चार खुर्च्यांवर चुन्याची भुकटी साचली होती. ती पुसताना मला भाषण सुचलं नाही.

तलाठ्याकडे कागद दिलेत. विहिरीवरून दोघा भावांचं अजून चालू आहे. हे रोज फोन करतात, आपणहून करतात आणि तावातावाने बोलतात. आत्याबाई म्हणतात, एकत्र होते तेव्हा महिनोन्महिने बोलत नव्हते, आता वेगळे झाले तर तोंडाला तोंड. त्यांनी पाडव्यानंतर महिनाभर तुमच्याकडे राहायचं ठरवलंय. औषधं लिहून देईन.

पेंटर परत आला. ब्रश घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, बाई, कुठला? मी मोरपंखी सांगितला. भैरव तोंड पाडून निघून गेला. काल पहिला हात झाला आणि ओल्या भिंतीवर तो जरा जास्तच अंगावर आला, हे मी तुझ्याजवळ कबूल करते. यांनी मला न विचारता व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल भिंतीकडे धरला.

भावजी म्हणाले, "दादा, लई बेकार दिसतंय. दवाखान्यासारखं."

हे म्हणाले, "तुझं काय जातंय? घर माझं हाय."

मी ब्रशच्या डब्याशी उभी होते. मग भावजी म्हणाले, "तुझंच हाय, म्हनून तर सांगतोय. माझं असतं तर गप बसलो असतो."

यांना एवढं हसू आलं की मोबाइल हातातून पडता पडता राहिला. दुसरा हात उद्या आहे. रंग बदलणार नाही.

तुझी,
रत्ना